विश्वाच्या तोंडात तीळ भिजत नाही

हायपेरिअनवर पंचांग काढता येणार नाही. हा शनीचा एक चंद्र. शनीभोवतीची प्रदक्षिणा तो सुमारे एकवीस दिवसांत इमानाने पुरी करतो, त्यात खोट नाही. पण स्वतःभोवती फिरण्याच्या बाबतीत त्याला काडीची शिस्त नाही. अंगकाठी ओबडधोबड, एका बाजूला साडेतीनशे किलोमीटर तर दुसऱ्या बाजूला जेमतेम दोनशे. त्यात कक्षा लांबट. त्यामुळे शनीची ओढ त्याला कधी असा तर कधी तसा पिळते आणि तो गडगडत राहतो. आजचा सूर्योदय पाहून पुढच्या वर्षीचा सूर्योदय कधी होईल, कुठल्या दिशेला होईल, हे कुणालाही सांगता येत नाही. तिथे संकष्टीचा उपास धरणाऱ्याने तो सोडायचा कधी, हा यक्षप्रश्नच. ज्या शनीच्या धाकाने लोक दर शनिवारी तेल वाहतात, त्याच्याच घरात हा प्रकार चालतो, याचं मला फार बरं वाटतं.

1848 मध्ये हा चंद्र दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी सापडला. अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत बाँड पितापुत्रांना आणि इंग्लंडात लिव्हरपूलच्या विल्यम लॅसेलला. लॅसेलचा धंदा बिअर गाळण्याचा. आपण शोधलेला चंद्र झिंगल्यासारखा चालतो, असं त्याने जाहीर केलं असतं तर लोकांनी वेगळाच अर्थ काढला असता. सुदैवाने त्याच्या दुर्बिणीत तो नुसता ठिपका दिसे. झिंगण्याचं गणित मांडलं गेलं ते पुढे 1984 मध्ये. तिथवरही सगळं न्यूटनच्या चौकटीतच होतं: गोंधळ असला तरी नियमाने चाललेला गोंधळ.

खरी गंमत नंतरची. लॉस अलामॉसचे वॉइचेक झुरेक यांनी या चंद्राला पुंजभौतिकीचे, म्हणजे क्वांटमचे, नियम लावून पाहिले. क्वांटमच्या जगात कुठलीही वस्तू अगदी नेमक्या एका स्थितीत नसते; ती थोडी इकडे, थोडी तिकडे अशी पसरलेली असते. एवढ्या मोठ्या चंद्रासाठी हा पसारा इतका सूक्ष्म की बोलायचं कारण नाही. पण हायपेरिअनच्या गडगडण्यात कुठलाही बारीक फरक चक्रवाढीने वाढतो, आणि चक्रवाढीपुढे भलेभले आकडे फार दिवस टिकत नाहीत. झुरेक यांचं उत्तर आलं सुमारे वीस वर्षं. ब्रिस्टलच्या मायकेल बेरींचा हिशेब थोडा लांबतो, पण तोही दशकांतच. एवढ्या काळानंतर हायपेरिअनचं तोंड एकाच वेळी सगळ्या दिशांना असायला हवं. गडबडीने फिरतोय म्हणून नव्हे. खरोखरच, एकदम, सगळीकडे.

लॅसेलने त्याला पाहून पावणेदोनशे वर्षं झाली, आणि तो तिथे आहे त्याच्या कितीतरी आधीपासून. सप्टेंबर 2005 मध्ये कॅसिनी यान त्याच्या जवळून गेलं आणि त्याने छायाचित्रं धाडली. अंगावरचा खड्डा न् खड्डा मोजून घ्यावा इतकी स्वच्छ. तोंड एकाच दिशेला.

मग या व्रात्य चंद्राला ताळ्यावर कोण ठेवतं?

आमच्या कॉलेजात या जातीच्या प्रश्नांचं उत्तर एका ओळीत संपे: h शून्याकडे न्या, की क्वांटमचं न्यूटन होतं. h म्हणजे प्लांकचा नियतांक. 14 डिसेंबर 1900 रोजी मॅक्स प्लांक यांनी बर्लिनमध्ये आपला सिद्धांत वाचून दाखवला आणि त्यातून हा आकडा जगात आला. जूल-सेकंदांत लिहायचा तर दशांशचिन्हानंतर तेहेतीस शून्यं आणि मग सहा. मी सरांना विचारलं, की नियतांक जर नियत आहे, तर तो शून्याकडे नेणार कसा? सर म्हणाले, ‘कागदावर सगळं नेता येतं.’ हे उत्तर भौतिकीपेक्षा सार्वजनिक बांधकाम खात्याला जास्त शोभलं असतं असं तेव्हा वाटलं, पण त्यात तथ्य होतं. h हलत नाही. त्याच्यासमोर उभी राहणारी वस्तू मोठी होत जाते. बुमराने ताशी 140 किलोमीटरने टाकलेल्या 160 ग्रॅमच्या चेंडूलाही द ब्रॉय यांच्या सूत्रानुसार तरंगलांबी असते. ती इतकी लहान, की प्रोटॉनसुद्धा तिच्या एकावर एकोणीस शून्यं इतक्या पटीने मोठा. तेव्हा ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू हुकला तर क्वांटमकडे बोट दाखवून सुटका नाही.

जाता जाता: ज्याला आपण क्षुल्लक म्हणून कागदावरून उडवत होतो, त्याच h वर 20 मे 2019 पासून किलोग्रॅमची व्याख्या उभी आहे. त्याआधी पॅरिसजवळच्या सेव्हर गावात कुलूपबंद ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा म्हणजे किलो होता. आता वाण्याच्या काट्यावरची साखर शेवटी प्लांकच्या हवाली आहे. वाण्याला याची कल्पना नाही आणि देऊही नये. तो तेवढ्यावरून भाव वाढवायचा.

h लहान आहे या युक्तिवादाला पुढे चांगले कपडे मिळाले. 1927 मध्ये लायडनचे पॉल एरेनफेस्ट यांनी दाखवलं, की क्वांटम वस्तूच्या पसाऱ्याची सरासरी काढली तर ती न्यूटनच्या वाटेने चालते. फार सुबक प्रमेय. पण सरासरी कामाची ती पसारा आटोपशीर असेपर्यंत. तोंड सगळ्या दिशांना असलेल्या हायपेरिअनची सरासरी दिशा काढून हाती काय येणार?

त्याहून देखणा युक्तिवाद फाइनमन यांचा, आणि त्याचा जन्मही मजेदार. 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला प्रिन्स्टनच्या नॅसॉ टॅव्हर्नमध्ये एका बिअर पार्टीत त्यांना युरोपातून आलेले हर्बर्ट येले भेटले. (या विषयात बिअर पुन्हा पुन्हा का येते, ठाऊक नाही.) फाइनमन यांनी आपली अडचण सांगितली, येले यांनी डिरॅक यांच्या एका लेखाचं नाव घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी दोघे ग्रंथालयात जाऊन तो उघडून बसले. 1933 चा लेख, एका रशियन नियतकालिकातला. डिरॅक यांनी लिहिलं होतं, की अमुक एक क्वांटम राशी तमुक अभिजात, म्हणजे न्यूटनच्या जगातल्या, राशीशी ‘सदृश’ आहे. सदृश म्हणजे काय, असं म्हणत फाइनमन यांनी फळ्यावर गणित करायला घेतलं आणि तिथल्या तिथे त्यातून श्रोडिंजरचं समीकरण बाहेर पडलं. त्यातून उमगलं ते असं: इथून तिथे जाणारी वस्तू एक वाट निवडत नाही, ती सगळ्या वाटांनी जाते. सरळ, वाकडी, व्हाया नागपूर, सगळ्या. प्रत्येक वाट आपली एक लहर घेऊन येते. वेड्यावाकड्या वाटांच्या लहरी एकमेकींना खोडून काढतात. फक्त एका वाटेच्या आसपासच्या लहरी एका सुरात असतात, आणि ती वाट नेमकी न्यूटनची. वस्तू जितकी जड तितकी ही खोडाखोड कडक. म्हणजे झाडावरून पडणारा आंबा सरळ खाली येतो तो आज्ञाधारक म्हणून नव्हे. इतर सगळ्या वाटांनी आपापसात भांडून एकमेकींना बाद केलं म्हणून. बहुमताने निवडून आलेले नियम आपण पुष्कळ पाहिले. विरोधकांच्या परस्पर भांडणातून बिनविरोध निवडून आलेला हा एकच. मला तर हे न्यूटनच्या मूळ सूत्रांपेक्षाही देखणं वाटतं.

तरी कोडं सुटत नाही. आंब्याची वाट अरुंद का, हे यातून कळतं. पण मुळातच आंबा ‘इथेही आणि तिथेही’ अशा अवस्थेत असला, तर तो तसा का दिसत नाही? अणूला अशी दुहेरी अवस्था चालते. अणूवर काही मोठं टांगलं, की दुहेरीपणा त्या मोठ्या गोष्टीतही शिरतो, कारण क्वांटमचं समीकरण लहानमोठं पाहत नाही. 1935 मध्ये श्रोडिंजर यांनी याच मुद्द्यासाठी एक मांजर पेटीत घातलं. जिवंत आणि मृत यांच्या मिश्रणाचं ते उदाहरण त्यांनी थट्टा म्हणून दिलं होतं, पण विज्ञानाच्या लोकप्रिय पुस्तकांनी त्या मांजराला तेव्हापासून पेटीबाहेर येऊ दिलेलं नाही. मी त्याला विश्रांती देतो.

नील्स बोर यांनी यावर काढलेला तोडगा व्यवहारी होता: मोजणारं उपकरण अभिजात जगातलं समजायचं, मोजली जाणारी वस्तू क्वांटमची, मध्ये सीमारेषा. लांडाऊ आणि लिफशिट्झ यांच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात तर सुरुवातीलाच निर्मळपणे सांगितलंय, की अभिजात यांत्रिकी ही क्वांटमचीच एक मर्यादा आहे आणि तरीही क्वांटमला स्वतःची मांडणी करायला तिचाच आधार लागतो. लेकीच्या खांद्याचा आधार घेऊन आईने उभं राहावं, असा हा संसार. ती सीमारेषा नेमकी कुठून जाते, हे जॉन बेल यांनी 1990 मध्ये पुन्हा एकदा खडसावून विचारलं, आणि नकाशावर तिची जागा कुणालाही दाखवता आली नाही. सीमावाद किती पिढ्या चालू शकतो हे मराठी माणसाला सांगायला नको.

तिढ्याचा एक मोठा धागा सुटला तो हायडेलबर्गमध्ये. 1970 साली डीटर त्से यांनी नव्यानेच निघालेल्या ‘फाउंडेशन्स ऑफ फिजिक्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. या विषयात वेळ घालवणं म्हणजे तेव्हा बढतीवर पाणी सोडणं होतं. त्से यांचं म्हणणं साधं होतं: तुम्ही सगळे वस्तू एकटी आहे असं धरून गणित करता, आणि जगात एकटी वस्तू नसतेच. 1980 च्या दशकात झुरेक यांनी हाच विचार पुढे नेला. याला डीकोहिअरन्स म्हणतात. मला तो कळला तो चाळीमुळे.

चाळीत काही गुपित राहत नाही, आणि ते मुद्दाम कुणी फोडावं लागतं असंही नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात मुलगी पाहायला पाहुणे येऊन गेले, हे सगळ्या चाळीला कळतं. दूधवाल्याला जास्तीचं लिटर मागितलं त्यावरून, जिन्यात उतरलेल्या चपलांवरून, गॅलरीत वाळत घातलेल्या चांगल्या चादरीवरून. त्या बिऱ्हाडाला कुणी काही विचारलेलं नसतं, कुणी दाराला कान लावलेला नसतो. पण संध्याकाळपर्यंत बातमी षट्कर्णी होते, आणि एकदा झाली की ‘पाहुणे आले होते’ आणि ‘आले नव्हते’ या दोन्ही शक्यता एकदम जिवंत ठेवण्याची चैन त्या घराला उरत नाही. क्वांटमची दुहेरी अवस्था अशीच फक्त गुपितात तगते. ‘इथे’ची लहर आणि ‘तिथे’ची लहर एकमेकींत मिसळल्या तरच दुहेरीपणाचा पुरावा दिसतो, याला व्यतिकरण म्हणतात. वस्तूवर आदळून गेलेला प्रकाशाचा एक कण ‘ती इथे होती’ एवढी बातमी घेऊन गेला, तरी त्या दोन लहरी पुन्हा जुळत नाहीत. तो कण कुणाच्या डोळ्यात शिरायलाही नको. अंतराळात निघून गेला तरी चालेल. बातमी बाहेर पडली, एवढं पुरे.

आणि बातमी नेणारे किती! आपण बसतो त्या खोलीतल्या हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्ये दोन हजार कोटी अब्जांहून अधिक रेणू धावपळ करत असतात. हवा काढून टाकली, दिवा मालवला, तरी सुटका नाही. त्से आणि एरिक योस यांनी 1985 मध्ये धुळीच्या कणाचा हिशेब केला. विश्वाच्या जन्मापासून उरलेलं जे फिकट मायक्रोवेव्ह प्रारण सगळीकडे भरून आहे, तापमान शून्याच्या वर पावणेतीन केल्विनही नाही आणि घन सेंटिमीटरला जेमतेम चारशे प्रकाशकण, तेसुद्धा एकटं धुळीच्या कणाला दोन जागी असू देत नाही. धुळीच्या कणाची ही गत, तर शनीच्या चंद्राला कुठली खासगी बाब? सूर्य नव्वद पट मंद दिसत असला तरी त्याचे अगणित प्रकाशकण हायपेरिअनवर आदळतात आणि त्याचं तोंड कुठे आहे ही बातमी दाही दिशांना वाटत सुटतात. प्रकाश त्याला ढकलून सरळ करत नाही, तेवढा जोर त्याच्यात नाही. तो फक्त बोभाटा करतो. (कॅनडातल्या वीब आणि बॅलेंटाइन यांनी 2005 मध्ये प्रतिवाद केला, की एवढ्या मोठ्या वस्तूला सूर्याच्या मदतीची गरजच नाही, साधी सरासरीही भागवते. वाद अजून सुरू आहे. हायपेरिअन गडगडतोच आहे.)

हे सगळं कागदावरचं राहिलं असतं, तर सरांचं वाक्य आठवून मी स्वस्थ बसलो असतो. पण व्हिएन्नात अँटोन झायलिंगर आणि मार्कुस आर्न्ट यांच्या गटाने 1999 मध्ये साठ कार्बन अणूंचा फुटबॉलच्या आकाराचा रेणू जाळीतून सोडला आणि त्याच्या लहरींची नक्षी पाहिली. पुढे त्याच शहरात आणखी दोन गमती झाल्या. एकदा शास्त्रज्ञांनी उपकरणात थोडा थोडा वायू सोडला. जसजसा वायू वाढला तसतशी नक्षी पुसट झाली, गणिताने सांगितलं त्याच बेताने. आणि 2004 मध्ये सत्तर अणूंचा रेणू त्यांनी लेझरने तापवला. बाहेरून कुणी आदळायला नाही, पण रेणू तापून दोन-तीन हजार केल्विनकडे गेला तसा तो स्वतःच प्रकाश सांडू लागला. आपण कुठून चाललोय याची चुगली आपणच करू लागला, आणि नक्षी नाहीशी झाली. डोकं तापलेल्या माणसाच्या तोंडून नको ते निघून जातं, ते निदान सत्तर अणूंच्या पातळीपासून सुरू होतं तर. आकाराला मात्र अजून कुठे कुंपण सापडलेलं नाही. 2019 मध्ये दोन हजारांच्या आसपास अणू असलेल्या रेणूंनीही नक्षी दाखवली. ‘लहान ते क्वांटम, मोठं ते न्यूटन’ ही आपली वाटणी चुकीची होती. खरी वाटणी गुपित राखणारे आणि न राखणारे अशी आहे, आणि मोठ्यांना गुपित राखणं जमत नाही, इतकंच.

14 जुलै 1930 रोजी बर्लिनजवळच्या कापुट गावी आइनस्टाइनच्या उन्हाळी घरात रवींद्रनाथ ठाकूर त्यांना भेटले, तेव्हा बोलणं एका टेबलाशी येऊन थांबलं. घरात कुणी नसलं तरी टेबल जागेवरच असतं, असं आइनस्टाइनचं म्हणणं. माणसाच्या जाणिवेपलीकडच्या सत्याला सत्य तरी कशाला म्हणायचं, असा रवींद्रनाथांचा सूर. दोघांनी एकमेकांचा मान राखला आणि कुणीही माघार घेतली नाही. आइनस्टाइननी पुढे अब्राहम पाइस यांना फिरायला जाताना चंद्राविषयी हेच विचारलं होतं: आपण पाहतो तेव्हाच तो असतो, असं तुम्हांला खरंच वाटतं का? डीकोहिअरन्सवाल्यांना त्या दिवाणखान्यात प्रवेश असता, तर ते हळूच म्हणाले असते, की घरात कुणी नाही हेच मुळी चुकीचं. हवा आहे, खिडकीतून येणारं ऊन आहे, भिंतींची ऊब आहे. टेबल क्षणभरही न पाहिलेलं नसतं. झुरेक तर पुढे जाऊन म्हणतात, की एकाच बातमीच्या लाखो प्रती प्रकाश वाटत असतो आणि आपण प्रत्येकजण त्यांतल्या मूठभर वाचतो. तुमच्या प्रती वेगळ्या, माझ्या वेगळ्या, मजकूर एकच, म्हणून टेबलाबद्दल आपलं एकमत. वस्तुनिष्ठ सत्य म्हणजे ज्याच्या भरपूर प्रती निघाल्या ते! एखाद्या संपादकाने हे म्हटलं असतं तर मी मासिक बंद केलं असतं. झुरेक म्हणतात म्हणून पटतं, कारण इथे प्रत काढणाऱ्याला मजकूर बदलता येत नाही.

एवढं झाल्यावर सगळं सुटलं असं म्हणण्याचा मोह होतो, पण तो खोटेपणा होईल. बातमी फुटल्यावर दोन शक्यता एकमेकींत मिसळत नाहीत, हे कळलं. दोहोंतली एकच खरी का ठरली, हे कळलं नाही. समीकरणात अजूनही दोन्ही चाळी उभ्या आहेत: एकीत सगळ्यांना ठाऊक आहे की अणू फुटला, दुसरीत सगळ्यांना तितक्याच खात्रीने ठाऊक आहे की फुटला नाही. ह्यू एव्हरेट यांनी 1957 मध्ये सांगून टाकलं, की दोन्ही आहेत, राहू द्या. त्से त्यांच्याच बाजूचे. गिरार्डी, रिमिनी आणि वेबर या इटालियन त्रयीने 1986 मध्ये उलट सुचवलं, की समीकरणच थोडं दुरुस्त करावं, म्हणजे एक चाळ आपोआप कोसळेल. पूर्ण उत्तरं अशी दोन-तीन आहेत आणि प्रत्येकात काही ना काही गिळावं लागतं. मला त्से यांचं अर्धं उत्तर जास्त भावतं. निदान ते प्रयोगात पुसट होत जाताना दिसतं.

आता या सगळ्याची उलटी बाजू मुंबईत. गुपित राखलं तरच क्वांटमचं काम होतं, तर गुपित राखूनच दाखवू या, असा क्वांटम संगणकवाल्यांचा चंग आहे. 2023 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय क्वांटम अभियानाला सहा हजार कोटींहून अधिक रुपये मंजूर केले. त्यातला बराच पैसा कुणाची ना कुणाची तोंडं बंद ठेवण्यात जाणार हे नक्की. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सहा क्युबिटचा, म्हणजे दुहेरी अवस्था धरू शकणाऱ्या सहा घटकांचा, अतिसंवाहक प्रोसेसर बसवून पुण्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेसोबत 2024 मध्ये त्याची चाचणी झाली. ज्या शहरात शेजारच्या घरातली फोडणी आपल्या घरात ठसका आणते, त्याच शहरात एका पिंपातली हवा उपसून, धातूच्या कवचाआत कवच घालून, तापमान अंतराळाहूनही खाली, निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचा एखादा शतांश इतकं उतरवून सहा क्युबिट सांभाळायचे. कुणाशी बोलू नका म्हणून. एवढं करूनही अशा क्युबिटांचा मौनाचा नेम सेकंदाच्या अगदी बारीकशा अंशापुरताच टिकतो. कुठलातरी चुकार कंप, चुकार प्रकाशकण आत शिरतो आणि बोलणं सुरू. तेवढ्या अवधीत गणित उरकून घ्यायचं.